तीनशे नऊची गळती

हॉटेलात नोकरी करते असं सांगितलं की लोक मला दोन प्रश्न विचारायचे. एक, जेवण फुकट असतं का. आणि दुसरा, खुर्ची जरा पुढे ओढून, तिथं म्हणे काय काय चालतं. पहिल्याचं उत्तर हो असं होतं. दुसऱ्याचं उत्तर मला ठाऊक नसायचं, कारण मी दिवसभर तळघरात बसलेली असायचे, हाउसकीपिंगच्या डेस्कवर, दोन टेलिफोनांच्या मध्ये. साबण संपला, उशी कडक आहे, टॉवेलला वास येतो, असे पाहुण्यांचे फोन घ्यायचे आणि वरच्या मजल्यांवर कळवायचे, एवढंच माझं हॉटेल. खरं हॉटेल कळलं ते द्वारकाबाई भोईर यांच्या तोंडून. ते तोंड ऐकायला आधी लग्न झालेलं बरं, असं लाँड्रीतल्या बायका म्हणायच्या. माझं झालेलं नव्हतं, तरी मी ऐकलं, आणि लग्नानंतर फारसं नवीन काही कळलं नाही.

हॉटेल बेलापूरला होतं. नव्वदीतलं बेलापूर म्हणजे ऐसपैस रस्ते आणि त्यांवरून निवांत चाललेल्या म्हशी. कचेऱ्या सुटल्या की कारकून मंडळी घराकडे पळायची आणि मागे उरायचे वॉचमन आणि कुत्री. अशा ठिकाणी आमच्या मालकांनी संगमरवरी हॉटेल बांधलं. पाटीवर पाच तारे होते. त्यातले चार रीतसर मिळालेले, पाचवा मालकांनी आपल्या जबाबदारीवर रंगवून घेतलेला. कारखान्यांत मशिनं बसवायला आलेले गोरे इंजिनियर, वाशीच्या मार्केटमधले कांद्या-मसाल्याचे शेठ, आणि रजिस्टरमध्ये 'मिस्टर अँड मिसेस' लिहून भलतीकडे बघणारी जोडपी, असे आमचे पाहुणे. तेही बेताचेच. खोल्या जास्त आणि पाहुणे कमी, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

हॉटेलच्या मागे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्यावर साकव, आणि साकवापलीकडे आगऱ्यांचं जुनं गाव. हॉटेल उभं होतं ती जागा एके काळी त्याच गावाची भातशेती. जमिनी गेल्या आणि बांधकाम सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी गेटवर बसकण मारली. शेत आमचं, तर नोकऱ्याही आमच्या. मालकांनी घरटी एक नोकरी कबूल केली. भोईरांच्या घरातून नाव लागलं ते काशिनाथ भोईरांचं. त्यांनी पहिल्या दिवशी गणवेश बघितला, गळ्यात बांधायचा तो बो बघितला, "मी काय बँडवाला हाय?" असं विचारलं आणि मार्केटला टेम्पो चालवायला निघून गेले. त्यांच्या जागी बायको आली.

उंच, काळ्या, दणकट. कपाळावर आडवं मोठं कुंकू, दातांना मिश्री. हॉटेलने दिलेली बिस्किटाच्या रंगाची साडी त्या अशी खोचून नेसायच्या की ती त्यांना घाबरते आहे असं वाटावं. त्यांना तिसरा मजला मिळाला आणि तो त्यांनी शेतासारखाच ताब्यात घेतला.

"आमच्या शेतावरच येते मी," त्या म्हणायच्या. "पयले चिखलात वाकायची, आता गादीवर वाकते. कंबर तीच हाय."

मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. मी 'फोनवाली'. आमचं घर मूळ साताऱ्याकडचं, वडील मार्केटात माथाडी, हे कळल्यावर 'घाटीन' अशी बढतीही मिळाली. मला राग येत नसे, कारण त्या हॉटेलात त्यांनी राग येईल असं नाव ठेवलं नाही असा माणूसच नव्हता. मॅनेजरला त्या 'सुकट' म्हणायच्या. पाहुण्यांना तर बारसं झाल्याशिवाय खोली सोडता येत नसे. एक जण दिवसाला सगळे टॉवेल भिजवायचा, तो 'धोबी'. एक जण जाताना साबण, शाम्पू, बूट पुसायचं फडकं आणि बल्बसुद्धा न्यायचा, तो 'मुंगूस'. मसाल्याचे एक शेठ दर खेपेला नव्या मिसेसना घेऊन यायचे. त्यांची खोली आवरून झाल्यावर द्वारकाबाई मला फोनवरून निकाल कळवायच्या.

"यावेलची बायको काय खरी नाय. मागची बरी होती, केस तरी मोरीत टाकत नव्हती."

"तुम्हाला काय करायचंय द्वारकाबाई?"

"मना काय कराचाय? मोरी मना साफ कराचीय."

माणूस तोंडाने खोटं बोलेल, गादी खोटं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. एका उद्योगपतींची मोठी मुलाखत पेपरात आली होती, पहाटे उठून ध्यान वगैरे. द्वारकाबाईंनी तो पेपर त्याच उद्योगपतींच्या पलंगाखालच्या चकलीच्या चुऱ्यावर पसरला आणि चुरा त्यात गोळा केला. वाचता येत नव्हतं, फोटो ओळखला होता.

एकदा दिल्लीहून कोणी ट्रेनर आले. सगळ्या बायकांना बँक्वेट हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवून त्यांनी हिंदीत समजावलं की उत्तम हाउसकीपर म्हणजे जी दिसत नाही आणि ऐकू येत नाही. पाहुण्याला वाटलं पाहिजे, खोली आपली आपण आवरली गेली. बायकांनी माना डोलावल्या. द्वारकाबाईंनी हात वर केला.

"घरी पन मी आवरते तवा कोनाला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "त्याचा ट्रेनिंग कशाला पायजे?"

ट्रेनरला मराठी येत नव्हतं. त्यांनी हा उत्साह समजून टाळ्या वाजवायला लावल्या.

हॉटेलचे नियम द्वारकाबाई पाळायच्या, पण स्वतःच्या नियमांनंतर. घरातून माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये, जाणाऱ्याला ते अशुभ, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. फक्त हॉटेलात ते लागू होतं असं कुणाला वाटत नाही. द्वारकाबाईंना वाटायचं. पाहुण्याने खोली सोडली की ती झटपट तयार करून पुढच्याला द्यायची, हा आमच्या धंद्याचा कणा. द्वारकाबाई चादरी बदलायच्या, मोरी घासायच्या, आरसे पुसायच्या आणि मग व्हॅक्युम हातात धरून मला फोन करायच्या.

"गेला का तो पुलावरून?"

"कोण?"

"आपला धोबी. ईमानतलावर चाललाय. खारीपूल ओलांडू दे, मंग केर काढते."

आता कोणाची टॅक्सी वाशीच्या पुलावर पोचली हे मला तळघरात कुठून कळणार? सुरुवातीला मी वाद घातला. मग मी सरळ "गेला, गेला, आत्ताच गेला" म्हणायला लागले. त्यावर त्या संशयाने विचारायच्या, "तुना कसा दिसला?" मी म्हणायचे, टोलवाल्याचा फोन आला होता. एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं आणि मशीन सुरू व्हायची. मुंगूस मात्र गेला की त्या लगेच झाडायच्या, दोनदा.

तर अशा या बाईंच्या ताब्यातली तीनशे नऊ नंबरची खोली कायम बंद असायची, कारण तिचा एसी गळायचा.

सकाळी बघावं तर गालिचा ओला. आमचे इंजिनियर खोत भला माणूस, त्यांनी नळी बदलली. एसी गळला. त्यांनी एसीच बदलला. नवा एसीही गळला. छताचं प्लास्टर फोडून झालं, मुंबईहून तज्ज्ञ आणून झाला, तज्ज्ञाने खाऱ्या हवेला दोष देऊन चहा प्यायला. शेवटी खोतांनी गुपचूप एक नारळ आणून त्या खोलीत फोडला. तो नारळ द्वारकाबाईंनी घरी नेऊन कालवणात घातला आणि दुसऱ्या दिवशी एसी पुन्हा गळला. पाहुणे कमी असल्यामुळे कुणी फार डोकं लावलं नाही. रोजच्या तक्त्यावर तीनशे नऊच्या पुढे 'बंद, दुरुस्ती' लिहायची सगळ्यांना सवय झाली.

एसी गळत नव्हता. द्वारकाबाई रोज सकाळी मोरीतून तांब्याभर पाणी आणून गालिच्यावर ओतत होत्या.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, कारण त्यांना माझा टेलिफोन हवा होता. तीनशे नऊच्या खिडकीतून त्यांच्या घराचा ओटा दिसायचा. साकवापलीकडचं पहिलंच घर. ओट्यावर त्यांची सासू बसलेली असायची. गावात सगळे तिला आय म्हणायचे. आयचं डोकं गेलं होतं. शरीर ठणठणीत, कान तर असे की शेजारच्या घरात कोलंबी सोललेली कळावी, पण आपल्या जमिनी गेल्या एवढीच गोष्ट तिच्या डोक्यातून पुसली गेली होती. दर दिवशी तिची कापणी असायची. विळा घेऊन ती शेतावर निघायची. विळा लपवला तर पळी घेऊन निघायची. आणि शेताच्या वाटेवर आता शेत नव्हतं, खाडीचा चिखल होता. एकदा भरतीच्या वेळी ती कमरेइतकी त्यात रुतली. चिखलात मासे पकडायला आलेल्या एकाने ओढून काढली म्हणून वाचली, आणि वर येताच त्यालाच कामचोर म्हणून शिव्या घातल्या.

काशिनाथ भोईर पहाटेच मार्केटला जायचे. मुलगा ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात पाळीवर. मुलगी उरणला दिलेली. शेजारीण मासळी विकायला जायची. घरात उरायची फक्त आय, आणि तिच्यावर नजर ठेवायला उरायच्या तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाई. तीनशे नऊमध्ये पाहुणा उतरला तर ती नजर बंद. म्हणून एसी गळायचा.

आय ओट्यावरून उठली की मला फोन यायचा. "फोनवाली, उठली." मी दुसऱ्या टेलिफोनवरून गावदेवीच्या देवळाजवळच्या पीसीओवर फोन लावायचे. पीसीओवाला मधू दुकान तसंच टाकून धावायचा आणि आयला सांगायचा, आज मजूर आले नाहीत, कापणी नाही. मग आय मजुरांच्या सात पिढ्या उद्धरत ओट्यावर परत येऊन बसायची. पाहुण्यांच्या उशीसाठी मी इतक्या तत्परतेने कधी हात हलवल्याचं मला आठवत नाही.

मी एकदा विचारलं होतं, सासू चांगली होती का हो तुमची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लाँड्रीच्या मागे बसलो होतो. द्वारकाबाई भाकरीवर सुक्या जवळ्याची चटणी घेऊन बसल्या होत्या.

"आय? मना लय छलला तिनं. पोट्याशी होते तवा पन मिठागरावं पाठवायची. एकदा भाकरी करपली तर तवा फेकून मारला, ह्यो बग." कोपराजवळचा डाग त्यांनी दाखवला.

"मग आता कशाला एवढं करता?"

"तिला आता काय आठवत नाय. मना सगला आठवतंय." त्यांनी बोटं चाटली. "मंग कोनी सांभालायचा? ज्याला आठवतंय त्यानंच ना."

हे बोलणं मी नंतर खूप ठिकाणी, खूप प्रसंगी मनात म्हणून बघितलं आहे. द्वारकाबाईंनी ते चटणी संपवता संपवता म्हटलं आणि लगेच सुकटच्या, म्हणजे मॅनेजरच्या, नव्या टोपाकडे विषय वळवला.

मग सबनीस मॅडम आल्या. हाउसकीपिंगच्या नव्या मुख्य. पुण्याच्या, बारीक चणीच्या, कडक इस्त्रीच्या, परदेशात हॉटेलचं शिक्षण घेतलेल्या. दाराच्या वरच्या कडेवरून रुमाल फिरवून बघायच्या. आवाज कधी चढवत नसत, पण त्या जवळून गेल्या की बायका आपोआप पदर सारखा करायच्या. आल्या आठवड्यातच त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. पाहुण्यांच्या मजल्यांवर यापुढे डिप्लोमा केलेल्या मुली राहतील आणि जुन्या बायका तळघरात लाँड्रीत जातील. आणि तीनशे नऊचा काय तो सोक्षमोक्ष लागेल.

"वरून पाणी येतं म्हणता," त्यांनी खोतांना विचारलं, "मग चारशे नऊ कोरडी कशी?"

खोत म्हणाले, तेच तर.

त्या दिवशी द्वारकाबाई माझ्या डेस्कसमोर येऊन उभ्या राहिल्या. कुणालाही नाव ठेवलं नाही, ही धोक्याची खूण.

"तलघरात घातली तर मना नोकरी सोडायला लागंल," त्या म्हणाल्या. "नाय सोडली तर म्हातारी चिखलात. सोडली तर घर कशावं चालंल? टेम्पो चार दिस चालतो, तीन दिस गॅरेजला."

"मॅडमना सांगून बघा सरळ."

"काय सांगू? तुमच्या खोलीत रोज तांब्या वतते म्हनून?"

 ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण इथे भांडं ओतून झालेलं होतं.

दोन-तीन दिवसांनी सबनीस मॅडमनी तीनशे नऊचा गालिचा वाळवून घेतला, एसी सुरू केला, फाइल घेतली आणि खोलीतच खुर्ची टाकून बसल्या. गळतो कसा ते बघतेच म्हणाल्या. खुर्ची टेलिफोनला लागून. द्वारकाबाईंनी काहीतरी निमित्त काढून आत ठाण मांडलं. आधीच चकचकीत असलेलं टेबल पुसायला घेतलं, मग आरसा, मग पुन्हा टेबल. आणि त्याच दिवशी मधूच्या पीसीओची लाइन मेलेली होती. मी सकाळपासून फिरवत होते, नुसती घरघर.

भरतीची वेळ झाली तेव्हा मला तीनशे नऊमधून फोन आला. मी दचकून उचलला, तर सबनीस मॅडम.

"खोतना वर पाठवा. मी सकाळपासून इथं बसले आहे, एक थेंब पडलेला नाही. भोईरबाई, ती खिडकी का उघडताय? एसी चालू आहे ना. भोईरबाई…"

खिडक्यांच्या किल्ल्या बाहेरून काच पुसण्यासाठी बायकांकडे असायच्या. खिडकी सरकल्याचं मला ऐकू आलं, आणि मग आवाज आला. खाडीत होडीवरच्या माणसाला काठावरून बोलवायची एक हाक असते. ती घशातून येत नाही, पोटातून येते, आणि पाण्यावरून सरळ जाते. दिसू नये आणि ऐकू येऊ नये असं जिला शिकवलं होतं त्या बाईने ती हाक पंचतारांकित हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून दिली.

"ओऽऽ आयेऽऽ! मागं फिर! भरती आलीय! घराकरं जा, आयेऽऽ!"

मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. खाली कॉफी शॉपमध्ये एका गोऱ्या पाहुण्याने सूप स्वतःच्या टायवर घेतलं, असं नंतर कळलं. वर मॅडमनी रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवला असावा, कारण पुढचं मला सगळं ऐकू आलं.

"कोण आहे तिथं?"

"माजी सासू."

"कुठं चालली आहे?"

"भात कापाया."

"अहो, तिथं चिखल आहे नुसता. पाणी चढतंय."

"तिला नाय ठाव."

"हातात काय आहे तिच्या?"

"पली. कापनीचा इला मी लपवून ठेवलाय."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग मॅडमचाच आवाज, खिडकीजवळून, "ऐकलं का तिनं? थांबली का?"

"थांबली. फिरली, ती बगा फिरली. आता शिव्या घालंल."

"कोणाला?"

"मना."

 मग सबनीस मॅडमनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि एसी?"

"गलतो, मॅडम. आज तुमी बसल्यात म्हनून लाजला."

"भोईरबाई."

"तांब्यानं वतते," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता काय कराचा ते करा."

तेवढ्यात त्या खोलीतला फोन उचलला गेला आणि मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही अजून लाइनवर आहात? मॅनेजरसाहेबांना जोडून द्या." मॅनेजर आधीच माझ्या दुसऱ्या टेलिफोनवर ओरडत होते. मी जोडून दिला, आणि खरं सांगायचं तर कान तिथंच ठेवला.

"काही नाही सर," सबनीस मॅडम म्हणाल्या. "आग लागल्यास पाहुण्यांना सूचना कशी द्यायची, त्याची चाचणी घेत होतो. आवाज पुरेसा आहे."

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंना पाहुण्यांच्या मजल्यावर आरडाओरडा केल्याबद्दल मेमो मिळाला. खिडक्यांच्या सगळ्या किल्ल्या सबनीस मॅडमच्या जुडग्यात गेल्या. लाँड्रीत पाठवायच्या बायकांची नावं लागली त्यात द्वारकाबाईंचं नाव नव्हतं. आणि रोजचा तक्ता माझ्याकडे आला त्यात तीनशे नऊच्या पुढे मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, बंद, दुरुस्ती. मी मूर्खासारखं विचारलं, "मॅडम, हे असंच ठेवायचं?"

"खोत प्रयत्न करताहेत ना," त्या म्हणाल्या.

एक अट मात्र त्यांनी घातली. गालिच्यावर पाणी ओतायचं नाही, गालिचा कुजतो. द्वारकाबाईंना ही अट अपमानास्पद वाटली. इतक्या वर्षांची मेहनत अशी एका शब्दात वाया गेली. मेमो त्यांनी मला वाचायला दिला आणि तो इंग्रजीत आहे असं कळल्यावर, मग तो आपल्याला लागू नाही, असं म्हणून मिश्रीच्या डबीखाली घालून ठेवला. सबनीस मॅडमचं नाव मात्र त्यांनी ठेवलं नाही. लाँड्रीतल्या बायकांनी फार छेडलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बाई तिखट हाय. पन मासल्याला तिखटच लागतं."

असं पुढे दोनेक वर्षं चाललं. मधूच्या पीसीओची लाइन सुधारली. मी फोन लावत राहिले, आय उठत राहिली, मजूर येईनासेच झाले. खोत दुसरीकडे नोकरीला लागले आणि जाताना नव्या इंजिनियरला म्हणाले म्हणे, बाकी सगळं शिका, तीनशे नऊच्या नादाला लागू नका. पाहुणे वाढायला लागले होते. गर्दीच्या दिवसांत फ्रंट ऑफिसची पोरं त्या खोलीसाठी माझ्याशी भांडायची. मी त्यांना सबनीस मॅडमकडे पाठवायचे आणि ती परत यायची तेव्हा त्यांची भूक मेलेली असायची.

तो दिवस वैशाखातला. दुपारची जेवणं झाली होती. तीनशे नऊमधून फोन आला आणि मी उचलता उचलताच दुसऱ्या हाताने मधूचा नंबर फिरवायला घेतला.

"उठली का? लावते मधूला."

"नको लावू," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी थांबले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"मगापासून बगते. ऊन तिच्या तोंडावं आलंय. ती सरकत नाय."

"डोळा लागला असेल, द्वारकाबाई."

"ऊन आला की ती त्या कोपऱ्याला सरकते. झोपंत पन सरकते." मग त्या म्हणाल्या, "पोरी, तीनशे नऊ मोकली कर. पाहुन्याला दे."

मी सवयीने फ्रंट ऑफिसला कळवलं, तीनशे नऊ मोकळी. तोंडातून गेल्यावर काय बोलले ते कळलं. फोन तसेच सोडून मी जिन्याने वर पळाले. इतकी वर्षं रोज त्या खोलीतून येणारे फोन घेतले होते, पण खोलीत पाऊल कधी टाकलं नव्हतं. दार उघडं होतं. आत द्वारकाबाई नव्हत्या. पलंग घातलेला होता, चादर चारी बाजूंनी ताणून खोचलेली. तो त्यांनी फोनच्या आधी घातला की नंतर, मला माहीत नाही. मी खिडकीपाशी गेले.

ओटा खरंच समोर होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा जवळ. हिरवं लुगडं नेसलेली एक बारकीशी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि ऊन तिच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं. मग कुंपणाच्या मागच्या दारातून द्वारकाबाई बाहेर पडल्या. बिस्किटाच्या रंगाची साडी, पायात हॉटेलचे काळे बूट. त्या पळत नव्हत्या. साकवावरून त्या रोज संध्याकाळी जात असतील तशाच गेल्या. ओट्याशी बूट काढले. सासूशेजारी बसल्या आणि आधी त्यांनी तिचा पदर पुढे ओढून तिच्या तोंडावर सावली केली. मग हाताची पाठ तिच्या गालाला लावून बघितली. थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

काचेच्या आत मला काही ऐकू आलं नाही. एसीचा गारवा तेवढा मानेवर येत होता. पलीकडे गल्लीतली दारं उघडायला लागली, बायका हातातलं काम टाकून धावत आल्या, मधू पीसीओतून बाहेर आला आणि मध्येच उभा राहिला. सगळ्या गावाने ऐकलं. मी एकटी होते जिला ती बाई रडताना दिसत होती आणि ऐकू येत नव्हती. ती खिडकी फोडावी असं मला फार वाटलं.

पाठीमागे खोलीतला फोन वाजला. फ्रंट ऑफिसचा मुलगा होता. म्हणाला, तीनशे नऊ दिली आहे, पाहुणे लॉबीत उभे आहेत, एसीचं बिसी काही नाही ना आता?

नाही म्हटलं, पाठवून दे. मग गालिच्यावर खाली बसले आणि लिफ्ट वर येईपर्यंत रडून घेतलं.